‘चांगला आहे की!’ म्हणण्याआधी

नवा मिक्सर घरी आला की पहिल्याच आठवड्यात आपण त्याची पुरती परीक्षा घेतो. ओलं खोबरं किती बारीक होतं, दाण्याचं कूट मोकळं पडतं की गोळा होतो, भांडं खालून गळतं का, आवाज किती... आठ दिवसांत आपलं मत पक्कं! शेजारणीने विचारलं तर खडान्‌खडा माहिती देतो आणि बिघाड निघालाच तर दुकानदाराला खडसावायलाही मागेपुढे पाहत नाही.

पण तिलाच विचारा, ‘‘काय गं, नवा लॅपटॉप कसा आहे?’’

‘‘चांगला आहे की!’’ विषय संपला.

मिक्सरपेक्षा आठ-दहा पट किमतीची वस्तू, पण तिच्याबद्दल बोलायला आपल्याकडे शब्दच नसतात. बचत गटांच्या कामानिमित्त तालुक्यातल्या गावागावांत माझं जाणं-येणं असतं. आता बहुतेक ठिकाणी एखादा तरी लॅपटॉप दिसतो. कुठे गटाच्या हिशेबासाठी, कुठे मुलीच्या कॉलेजसाठी, कुठे ब्लाऊजच्या डिझाइनसाठी. समाधान आहे का, असं खोदून विचारलं की हळूहळू वेगळंच काहीतरी बाहेर येतं. मैत्रिणींनो, आज त्याचविषयी थोडं बोलू या.

एका गटाची गोष्ट

गट फराळाचं आणि मसाल्याचं काम करतो. बारा बायका. २०२३ च्या दिवाळीआधी त्यांनी रीतसर ठराव करून लॅपटॉप घेतला. अडतीस हजार रुपये, म्हणजे त्यांच्या दोन वर्षांच्या नफ्यातला मोठा वाटा. हिशेबाचं काम बारावी झालेल्या एका तरुण सुनेकडे दिलं. बिलं करायची, ऑर्डरी लिहायच्या, बँकेला पाठवायचा तक्ता तयार ठेवायचा.

महिन्याभरात कुरबूर सुरू झाली. लॅपटॉप सुरू व्हायलाच चार-पाच मिनिटं. एक फाइल उघडली की दुसरी उघडेना. गिऱ्हाईक दारात उभं आणि बिल काही निघेना. दुकानात फोन केला तर उत्तर मिळालं, ‘‘ताई, मशीन एकदम ओके आहे. चालवणाऱ्याला सवय नाही, होईल हळूहळू.’’

झालं! चालवणारी म्हणजे ती पोर. बैठकीत टोमणे सुरू झाले. ‘‘तिला जमत नाही, दुसरीला द्या.’’ तिने स्वतःही मान्य करून टाकलं, की आपल्यालाच येत नसणार. मी गेले त्या दिवशी ती काम सोडते म्हणून सांगायला आली होती. डोळ्यांत पाणी.

मी तिला म्हटलं, ‘‘जाशील, पण आधी याचं पोट उघडून बघू.’’ पोट म्हणजे सेटिंग्ज. त्यात ‘सिस्टिम’ आणि त्याच्या तळाशी ‘अबाउट’. तिथे लिहिलेलं होतं, रॅम ४ जीबी. सचिवताईंच्या फाइलमध्ये दुकानदाराचं कोटेशन व्यवस्थित लावलेलं होतं. त्यावर काय? रॅम ८ जीबी, ५१२ जीबी एसएसडी. आणि हातात आलेल्या मशीनमध्ये एसएसडी नव्हतीच. जुन्या पद्धतीची १ टीबीची हार्ड डिस्क होती!

दुकानदार म्हणाला, ‘‘अहो, उलट जास्त दिलंय. ५१२ च्या जागी १०००!’’

ऐकायला खरंच जास्त वाटतं. म्हणूनच हे नीट समजून घ्यायला हवं.

ओटा, कपाट आणि हात

आपल्या स्वयंपाकघरासारखंच आहे बघा सगळं. प्रोसेसर म्हणजे काम करणारे हात. रॅम म्हणजे ओटा. एका वेळी जेवढं पुढ्यात मांडून काम करता येईल तेवढी जागा. हार्ड डिस्क किंवा एसएसडी म्हणजे सामान ठेवायचं कपाट.

हात कितीही चपळ असोत, ओटा वीतभर असेल तर काय होणार? कणीक मळायची तर भाजी उचलून कपाटात ठेवा, भाजी चिरायची तर परात आत ठेवा. अर्धा वेळ ने-आण करण्यातच जातो. ४ जीबी रॅमवर नेमकं हेच होतं. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने किमान ४ जीबी रॅम सांगितली आहे हे खरं. पण किमान म्हणजे चालेल, पळेल असं नव्हे. साध्या घरगुती, हिशेबाच्या कामालाही ८ जीबी हवी.

आता कपाट. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरत असते आणि एक बारीक काटा तिच्यावर हवी ती जागा शोधत हिंडतो. एसएसडीत हलणारा भागच नाही, त्यामुळे वस्तू चटकन हाताला लागते. एसएसडी असलेला लॅपटॉप साधारण अर्ध्या मिनिटाच्या आत सुरू होतो. तबकडीवाल्याला काही मिनिटं लागू शकतात. शिवाय एसटीच्या धक्क्यांची भीती तबकडीला जास्त. म्हणजे १ टीबीचं कपाट मोठं खरं, पण ते माळ्यावर, शिडी लावून चढायचं!

आणि हो, ५१२ जीबीची एसएसडी घेतली आणि लॅपटॉप ४७६ जीबी दाखवतो म्हणून घाबरू नका. कंपनी १००० च्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. ती फसवणूक नव्हे.

समाधान ज्याच्या-त्याच्या कामाचं

दुसऱ्या एका ताईंची गोष्ट याच्या उलट. शाळेतून निवृत्त झालेल्या, घरी मुलांच्या शिकवण्या घेतात. त्यांनी साधाच लॅपटॉप घेतला. ८ जीबी, एसएसडी, वजन दीड किलो. महागातला मुळीच नाही. पण त्या इतक्या खूश! कारण त्यांनी दुकानात जाण्याआधी एका कागदावर लिहून नेलं होतं, ‘मला याच्यावर काय करायचंय.’ मराठीत प्रश्नपत्रिका टाइप करणं, व्हिडिओ दाखवणं, परगावच्या मुलांशी बोलणं. बस्स. मराठीसाठी वेगळं काही विकत घ्यावं लागलं नाही. विंडोजमध्ये मराठीचा कळफलक असतोच, फक्त भाषा जोडून घ्यायची. इनस्क्रिप्ट शिकायची इच्छा नसेल तर इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणारा फोनेटिक कळफलकही आहे.

तिसरी मैत्रीण मात्र नाराज. पुण्यातल्या मुलाने हौसेने महागडा लॅपटॉप पाठवला, खेळ खेळणारी मुलं वापरतात तसला. ताकद प्रचंड, पण वजन अडीच किलोच्या घरात, पंख्याचा आवाज घोंघों आणि बॅटरी दोन तासांत गपगार. यांच्याकडे दुपारी वीज जाते, नेमकी त्याच वेळी यांना सवड. ‘‘मुलाला कसं सांगू?’’ म्हणतात. लॅपटॉपमध्ये दोष काहीच नाही. तो वाईट नाही, तो यांच्या कामाचा नाही, एवढंच. लग्नातली पैठणी कितीही भारी असली तरी ती नेसून कोणी शेतात जात नाही.

पहिल्या पंधरा दिवसांत काय बघाल?

लॅपटॉप घरी आल्यावर पहिले एक-दोन दिवस त्याला सोसू द्या. इंटरनेट जोडलं की तो अपडेट घेत बसतो, तेव्हा मंद चालणं साहजिक आहे. ते झाल्यावर मात्र परीक्षा सुरू.

सगळ्यात आधी कोटेशन, बिल, खोक्यावरची चिठ्ठी आणि ‘अबाउट’मधली माहिती या चारही गोष्टी जुळतात का बघा. प्रोसेसरचं नाव आणि रॅम तिथेच कळते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या ‘परफॉर्मन्स’मध्ये डिस्क एसएसडी आहे की एचडीडी तेही लिहिलेलं असतं. बिलावर लॅपटॉपचा सीरियल नंबर हवाच. तोच नंबर लॅपटॉपच्या पाठीवर असतो, जुळवून घ्या.

याच टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप ॲप्स’ असं पान आहे. लॅपटॉप सुरू होतानाच कोण-कोण आगंतुक घुसतात ते तिथे दिसतं. नको असलेल्यांना बंद करा. नव्या लॅपटॉपबरोबर बऱ्याचदा महिनाभराचा चाचणीपुरता अँटिव्हायरस येतो. मुदत संपली की ‘पैसे भरा’ म्हणून घाबरवत राहतो. विंडोजचं स्वतःचं संरक्षण आतच असतं, ते फुकट आहे. ‘ऑफिस’ दिलंय म्हणाले तर कायमचं की मुदतीचं, हे विचारा. मुदतीचं असेल आणि पैसे भरायचे नसतील तर लिबर ऑफिस मोफत मिळतं आणि साध्या हिशेबाला पुरतं.

बॅटरी पूर्ण भरून, आपलं रोजचं काम करत, घड्याळ लावून बघा. खोक्यावरचे तास मंद उजेडात, हलक्या कामावर मोजलेले असतात, प्रत्यक्षात कमीच भरतात. पण दहा तास सांगून तीनच तास मिळत असतील तर पंधरा दिवस थांबू नका, लगेच कळवा. बॅटरीचा मोठा शत्रू म्हणजे उष्णता. लॅपटॉप गादीवर, गोधडीवर ठेवला की हवा आत जायची फट बंद होते. पाट घ्या, पोळपाट घ्या, पण खाली सपाट, टणक काहीतरी हवं.

अजून एक. विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. दुकानात पडून राहिलेला जुना माल स्वस्तात देतो म्हणाले तर आधी हे विचारा.

लिहून द्या, आणि लिहून घ्या

गटाचं पुढे काय झालं? आम्ही भांडलो नाही. सचिवताईंनी कोटेशन आणि बिलाची प्रत जोडून दुकानदाराला साधं पत्र लिहिलं. ठरलं काय, मिळालं काय आणि आम्हाला काय हवंय. पोच घेतली. आठ दिवस काही हालचाल नाही म्हटल्यावर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली. त्यानंतर बाराव्या दिवशी कोटेशनमध्ये होता तसा लॅपटॉप बदलून मिळाला. एक पैसा जास्त न देता.

नाही मिळाला असता तरी वाट होती. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. त्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, वस्तू परगावाहून किंवा ऑनलाइन घेतली असली तरी. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी नाही. मुदत दोन वर्षांची. आणि पोटापाण्याच्या स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू असली, म्हणजे शिलाईवाल्या ताईंचा लॅपटॉप, तरी ती बाई कायद्याने ग्राहकच.

आपल्याला हे नवं नाही, बरं का! १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या त्या घरोघरच्या बायकाच होत्या. पुढे दोन-तीन वर्षांत पुण्या-मुंबईत ग्राहक पंचायत उभी राहिली. तेलातली भेसळ आणि रेशनचं माप ओळखणाऱ्या बायकांना जीबी आणि एसएसडी अवघड ते काय!

मला या सगळ्यात सर्वांत जास्त टोचलं ते वेगळंच. यंत्र अडलं की पुरुष म्हणतो, ‘‘मशीन बेकार आहे.’’ बाई म्हणते, ‘‘मला येत नाही.’’ त्या पोरीने महिनाभर स्वतःला दोष दिला आणि आजूबाजूच्या बायकांनी तिला साथ देण्याऐवजी तो दोष पक्का केला. दुकानदाराचं एक वाक्य सगळ्यांनी खरं मानलं, कारण ते आपल्या मनात आधीपासूनच होतं.

आता ती गटाचा सगळा हिशेब बघते. एवढंच नाही, शेजारच्या दोन गावांतल्या गटांना लॅपटॉप घ्यायचा होता, तेव्हा कोटेशन तपासायला त्यांनी तिलाच बरोबर नेलं. जाता-येताचं भाडं गटाने दिलं आणि वर दोनशे रुपये मानधन. तिची ती पहिली ‘तज्ज्ञ’ म्हणून झालेली कमाई!

तुमच्या घरी, गटात, मुलीकडे नवा लॅपटॉप आला असेल तर आज संध्याकाळीच बिल आणि लॅपटॉप समोरासमोर ठेवून बसा. दहा मिनिटांचं काम आहे. सगळं जुळलं तर उत्तमच. नाही जुळलं तर कागद-पेन काढा. मात्र ‘मलाच येत नाही’ हे वाक्य तेवढं सगळ्यात शेवटी, सगळं तपासून झाल्यावरच उच्चारा. बहुतेक वेळा त्याची गरजच पडणार नाही.