डोळ्यांचा शृंगार शिकताना

वैशाखातली लग्नसराई आणि भाद्रपदातले गौरी-गणपती या दोन हंगामांत माझ्या दवाखान्यात लाल डोळे घेऊन येणाऱ्या मुलींची संख्या हमखास वाढते. डोळ्यांची साथ म्हणावी, तर घरात दुसऱ्या कोणाचे डोळे आलेले नसतात. जरा चौकशी केली की आई सांगते, "डॉक्टर, परवापासून ते आयलायनर लावायला शिकत्येय, मोबाइलवर बघून." आणि मुलगी मान खाली घालते.

मान खाली घालण्याचे खरे तर काही कारण नाही. नटणे हा काही रोग नव्हे. मात्र मुलीला पहिल्यांदा विळीवर बसवताना बोट कुठे ठेवायचे नाही, हे आपण आधी सांगतो. डोळ्याच्या बाबतीत ते कोणी सांगत नाही. मोबाइलवरची बाई रेघ कशी सुंदर काढायची ते दाखवते. कुठे काढायची नाही हे कळायला पापणीची रचना थोडी माहीत हवी.

आरशासमोर जाऊन खालची पापणी हलकेच खाली ओढून पाहा. केसांची एक रांग दिसेल आणि त्या रांगेच्या आत, डोळ्याच्या बाजूला, एक ओलसर गुलाबी कड दिसेल. या कडेवर बारीक तैलग्रंथींची तोंडे असतात. वरच्या पापणीत अशा साधारण २५ ते ४० ग्रंथी असतात आणि खालच्या पापणीत २० ते ३०. त्यांतून पाझरणारे तेल अश्रूंच्या थरावर पातळ साय धरावी तसे पसरते. त्यामुळे अश्रू लवकर सुकत नाहीत आणि डोळा ओला राहतो. नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यात अश्रू वाहून नेणारी दोन बारीक छिद्रे असतात, एक वर आणि एक खाली.

आता काजळाची पेन्सिल आपण नेमकी कुठे फिरवतो? त्याच गुलाबी कडेवर! मेण, तेल आणि काळा रंग यांचे ते मिश्रण ग्रंथींच्या तोंडाशी साचते. रोज साचले आणि रात्री धुतले नाही, तर तोंडे बुजू लागतात. मग डोळे चुरचुरतात, खुपतात, सकाळी चिपडे येतात, रांजणवाडी होते. काही जणींना पापणीत न दुखणारी गाठ येते आणि ती महिनोन्‌महिने जात नाही. अशा मुलींच्या आया चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून घाबरतात, पण कारण बहुधा तो नसतो.

म्हणून शिकणारीने पहिली गोष्ट ही ध्यानात ठेवावी की पापणीचे केस हा शेताचा बांध आहे. रंग बांधाच्या बाहेर राहावा, केसांच्या मुळाशी, कातडीवर. आतला भाग डोळ्याचा आहे. रेघ बाहेर काढली तरी डोळा रेखीव दिसतोच.

हे वाचून आजी मंडळी म्हणतील की आमचा जन्म घरच्या काजळावर गेला. खरे आहे. तुपाचा किंवा एरंडेलाचा दिवा लावून त्यावर तांब्याचे किंवा पितळेचे भांडे उपडे घालायचे, धरलेली काजळी तुपात खलून डबीत भरायची, ही कृती कोकणात घरोघर माहीत होती. ती काजळी म्हणजे मुख्यतः कोळशाची वस्त्रगाळ पूड. तिच्यात सहसा विष नसते, पण डबीत बोट घालणारी घरात पाच माणसे असतात. एकीच्या डोळ्यातला जंतू त्याच डबीतून पाचही जणींकडे जातो. आमच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, तुपातली काजळी किती दिवस शुद्ध राहणार? काजळाने डोळे मोठे होतात किंवा नजर वाढते, यालाही वैद्यकशास्त्रात आधार नाही.

सुरम्याची गोष्ट मात्र वेगळी. सुरमा म्हणून विकली जाणारी पूड पुष्कळदा गॅलेना या खनिजाची, म्हणजे शिशाच्या गंधकयुक्त संयुगाची असते. लहान मूल डोळे चोळते, तेच बोट तोंडात घालते, आणि शिसे पोटात जाते. अश्रूंबरोबर ते नाकावाटे घशातही उतरते. त्याने रक्त कमी होते आणि वाढत्या मेंदूला इजा पोहोचते. मुलांच्या रक्तात इतके शिसे चालेल, अशी सुरक्षित मर्यादा आजवर सापडलेली नाही. म्हणून तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत सुरमा नको आणि काजळही नको. अमेरिकेत तर अशा सुरम्याला विक्रीची परवानगीच नाही, तेव्हा तिकडच्या नातवंडांसाठी पार्सलातून डबी पाठवण्याची हौस आवरावी. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल, तर साध्या काजळाची तळपायाला लावावी. तिथे बाळाचा हात सहसा पोचत नाही.

आता प्रत्यक्ष शिकण्याविषयी. पातळ आयलायनरपेक्षा सुरुवातीला मऊ पेन्सिल बरी. हात साबणाने धुवावेत, नखे कापलेली असावीत. टेबलाशी बसून कोपर टेकवावे, म्हणजे हात थरथरत नाही. आरसा चेहऱ्यासमोर न धरता थोडा खाली ठेवावा. खाली पाहिले की वरची पापणी आपोआप उतरते, ती बोटाने ताणावी लागत नाही. पहिली रेघ हाताच्या पाठीवर ओढून पेन्सिलीचे टोक टोचत नाही ना, ते पाहावे. मग केसांच्या मुळाशी बाहेरच्या कोपऱ्याकडून लहान लहान ठिपके द्यावेत आणि नंतर ते जोडावेत. एका दमात रेघ ओढण्याचा हट्ट नको. पहिले आठ दिवस ती वाकडीच येणार. आणि हे सारे घरी बसून करावे. हातखंब्याकडे जाणाऱ्या एस.टी.त खिडकीशी बसून डोळे रंगवणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. एक गचका बसला की पेन्सिलीचे टोक थेट बुबुळावर!

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी लेन्स आधी घालावी, मग शृंगार करावा. उतरवताना लेन्स आधी काढावी. चमकी शिकाऊ हाताने लावूच नये, तिचा कण बुबुळावर ओरखडा काढतो. रात्री कितीही उशीर झाला तरी डोळे मिटून, कापसावर थोडे खोबरेल घेऊन रंग हलकेच पुसावा आणि कोमट पाण्याने चेहरा धुवावा.

मस्काऱ्याची नळी उघडल्यापासून तीन महिन्यांनी टाकून द्यावी, भरलेली असली तरी. नळीतली काडी रोज पापणीवरचे जंतू घेऊन आत जाते आणि आत त्यांना ओलावा मिळतो. अशा दूषित मस्काऱ्याने बुबुळावर जखमा झाल्याची नोंद अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांनी १९७७ मध्ये केली होती. मैत्रिणीची पेन्सिल वापरू नये, हे सांगताना मला शिमग्यातले आमचे नमन आठवते. एका पेन्सिलीने अख्ख्या मेळाचे डोळे रंगतात! पुरुषांनाही हा नियम लागू आहे, मंडळी.

भुवया किंवा पापण्यांचे केस काळे करण्यासाठी केसांचा कलप वापरण्याचा उद्योग तर मुळीच नको. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत 'लॅश ल्युअर' नावाचा पापण्यांचा रंग निघाला होता. त्यातल्या रसायनाने बायकांची दृष्टी गेली, मृत्यूही ओढवला. १९३८ मध्ये तिकडे सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आली, त्यामागे हे एक कारण होते. त्याच जातीचे रसायन आजही पुष्कळशा कलपांत असते. आपल्याकडे शिसे किंवा आर्सेनिक यांची संयुगे रंगासाठी सौंदर्यप्रसाधनांत घालायला कायद्याने बंदी आहे. पण जत्रेतल्या बिननावाच्या डबीला कसला कायदा! उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक आणि मुदत छापलेली नसेल, तर ती वस्तू घेऊ नये.

इतके करूनही टोक डोळ्यात गेलेच, तर चोळू नये. स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा. मध, तूप, कांद्याचा रस यांतले काही घालू नये आणि औषधाच्या दुकानातून मनानेच थेंब आणू नयेत. त्यांत स्टेरॉइड असेल, तर जंतू शिरलेली साधी जखम चिघळते आणि नजरेवर बेतते. दुखणे, लाली किंवा पाणी येणे थांबेना, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागले, तर 'उद्या बघू' म्हणू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे आणि जाताना ती पेन्सिल किंवा डबीही बरोबर न्यावी.