रुपयाचा हिशेब : भाग ६ – एका रोजीत धान किती?

निर्देशांक कसा काढतात, ते मागच्या आठवड्यात पाहिले. आज तो चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात लावून बघू.

रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात २०११-१२ मध्ये दिवसाला १२७ रुपये मिळत. २०२४-२५ मध्ये २९७ झाले. सव्वादोन पटीहून जास्त. भाषणात टाळ्या घेणारा आकडा. पण शेतमजुरांचा ग्राहक किंमत निर्देशांकही (१९८६-८७ = १००) याच काळात ६११ वरून १३०० च्या आसपास गेला. १३०० ला ६११ ने भागले की २.१३ येतात. म्हणजे जुन्या १२७ रुपयांची किंमत टिकवायलाच २०२४-२५ मध्ये २७० रुपये लागत. खरी वाढ उरली २७ रुपयांची. तेरा वर्षांत दहा टक्के.

निर्देशांकावर भरवसा नसेल तर धानाने मोजा. रोवणी-कापणीची मजुरी धानात घेण्याची रीत या भागात जुनीच आहे, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना हे गणित समजावावे लागत नाही. साधारण धानाचा हमीभाव २०११-१२ मध्ये क्विंटलला १०८० रुपये होता. किलोला दहा रुपये ऐंशी पैसे, म्हणजे एका रोजीत पावणेबारा किलो धान. २०२४-२५ मध्ये हमीभाव २३०० झाला. त्या वर्षी एका रोजीत तेरा किलोला थोडे कमी. दिवसभर माती खणून पूर्वीपेक्षा किलोभर धान जास्त, बस्स! (धान इथे फक्त मोजपट्टी आहे. रेशनचा तांदूळ जानेवारी २०२३ पासून मोफतच मिळतो.)

यात नवल नाही. दर एप्रिलला ही मजुरी वाढवताना सरकार हाच निर्देशांक पाहत आले. २०१९ मध्ये ती २०३ वरून २०६ झाली, तीन रुपयांनी! महागाईच्या मागे धावणारी मजुरी फार पुढे जाणार कशी?

निर्देशांकातही खोट होती. त्याची टोपली १९८३ च्या घरखर्चावर बेतलेली, आणि मोबाइलचा रिचार्ज तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता. २०१९ हे नवे आधारवर्ष जून २०२५ च्या आकड्यांपासून आले.

एक घोळ मात्र आपणच घालतो. एटापल्ली-भामरागडकडे सरपण, मोहफुले, बांबू जंगलातून येत. पैसा लागत नसे. सरपणाच्या जागी सिलिंडर आला, पोराच्या शिकवणीची फी आली, की ‘महागाई किती वाढली’ असे आपण म्हणतो. त्याच वस्तूला जास्त पैसे पडणे ही महागाई. नवी वस्तू घरात येणे हा राहणीतला बदल. दोन्हींनी खिसा रिकामा होतो, पण मजुरी वाढवून मागताना दोन्ही वेगवेगळे मांडावे लागतात.

तेंदूचा हिशेब पुढच्या आठवड्यात. तो रोजीवर नव्हे, सत्तर पानांच्या पुडक्यावर चालतो. तोवर घरातले जुने पासबुक काढा, त्यातल्या एका दिवसाच्या मजुरीला त्या वर्षीच्या धानाच्या किलोभावाने भागा आणि किती किलो येतात ते कळवा.