अस्वल आणि मुशी : तुलनेचा एक पाठ

वाघूर नदीच्या काठी वसलेल्या पहूर गावातील मुलांस नदीतील मासा परिचित असतो. सातपुड्यातील अस्वलाच्या गोष्टीही त्यांच्या कानांवर आलेल्या असतात. समुद्र मात्र बहुतेकांनी पाहिलेला नसतो. अशा वर्गात अस्वल आणि मुशी, म्हणजेच शार्क, यांची तुलना करावयास सांगितल्यास ‘एक रानात राहते, दुसरी पाण्यात’ असे उत्तर मिळते. ते खोटे नाही. परंतु अपुरे आहे. देवमासाही पाण्यातच राहतो, तथापि तो मासा नव्हे. म्हणून निवासस्थानाऐवजी शरीररचनेपासून आरंभ करावा.

अस्वलाच्या अंगावर केस असतात, ते फुफ्फुसांनी श्वास घेते व पिलांस दूध पाजते; म्हणून ते सस्तन प्राणी होय. मुशी कल्ल्यांनी श्वास घेते. नदीतील माशाच्या कल्ल्यांवर झाकण असते. मुशीच्या प्रत्येक बाजूस ५ ते ७ उघड्या फटी असतात. तिच्या सांगाड्यात हाडे नसून कूर्चा असते. कूर्चा म्हणजे काय, हे समजण्यासाठी मुलांस स्वतःच्या नाकाचा शेंडा दाबून पाहण्यास सांगावे.

येथे एक चूक संभवते. मुशीच्या पुष्कळ जाती अंडी न घालता जिवंत पिले प्रसवतात. त्यावरून मुले तिला सस्तन ठरवितील. खरी कसोटी दुधाची आहे, हे त्यांच्या मनावर ठसवावे.

आहारावरून वर्ग ठरविणेही योग्य नाही. आपल्याकडील अस्वलास वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेते. मध व मोहाची फुलेही त्यास प्रिय असतात. चीनमधील पांडा हाही अस्वलाच्याच कुळातील. पण तो बहुतांशी बांबूवर जगतो.

इतका भेद असूनही दोघांत एक साम्य आहे. दोघांचीही वाढ मंद आहे. अस्वलाची मादी बहुधा एक किंवा दोन पिले देते व त्यांना पाठीवर घेऊन हिंडते. उत्तरेकडील थंड, खोल समुद्रातील ग्रीनलँड मुशी सुमारे १५० वर्षांची झाल्यावर प्रजननक्षम होते, आणि किमान २७२ वर्षे जगू शकते, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. अशा प्राण्यांची संख्या एकदा घटली, की ती भरून येण्यास फार काळ लागतो. म्हणूनच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अस्वलास संरक्षण दिले, आणि २००१ साली मुशींतील सर्वांत मोठी जात जी व्हेल शार्क, तिलाही ते लाभले.

शिक्षकांनी फळ्यावर श्वसन, सांगाडा, पिले, आहार व वाढ असे पाच रकाने आखून ते मुलांकडूनच भरून घ्यावेत. सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळांत आणखी एक गोष्ट अवश्य सांगावी : मोहाच्या फुलांसाठी माणूस व अस्वल एकाच झाडाखाली येतात, म्हणून पहाटे मुलांनी तेथे एकटे जाऊ नये. प्राण्याची रीत ज्यास कळली, तो स्वतःस जपतो आणि प्राण्यासही.