कंबर लावणीची की खड्याची?

पाऊस लागला आणि पवन मावळात, नाणे मावळात भाताची लावणी सुरू झाली की कंबर कुणाची दुखत नाही? त्यामुळे मुतखड्याची पहिली कळही इथे सहज लावणीच्या खात्यावर जमा होते. फरक ओळखायला एक खूण आहे. अवघडलेली कंबर आडवं पडल्यावर सैलावते. खड्याची कळ आडवं पडूच देत नाही. बरगडीखाली एका बाजूला उठून ती जांघेत उतरते. माणूस घरभर येरझाऱ्या घालतो, ओकतो. कधी लघवी लालसर होते.

मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे येणारी नळी साधारण २५ सेंटिमीटर लांब, पण रुंदीला जेमतेम ३-४ मिलिमीटर. खडा तिच्यात अडकला की मागे लघवी तुंबते, मूत्रपिंड ताणलं जातं आणि जीव कासावीस होतो. उलट मूत्रपिंडातच बसून राहिलेला खडा मोठा असूनही गप्प राहू शकतो. म्हणून कळीवरून खड्याचं माप काढू नये. कळ थांबली म्हणजे खडा पडला, असंही नाही. अडकलेला खडा गुपचूप मूत्रपिंड निकामी करू शकतो. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुधा आपोआप पडतात, श्रेय मात्र हुलग्याच्या कढणाला मिळतं.

आधी गावातले डॉक्टर, लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी. नळीच्या मधल्या भागातला खडा सोनोग्राफीत निसटू शकतो, तेव्हा सीटी स्कॅन लागतो. खडा अडकलेला किंवा मोठा असेल तर गाठायचे ते युरोलॉजिस्ट. खडे पुन्हा पुन्हा का होतात हे शोधायला नेफ्रॉलॉजिस्टची मदत होते. तळेगावात वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, पुढे पिंपरीत यशवंतराव चव्हाण रुग्णालय, पुण्यात ससून. पण थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, बाई गरोदर असली किंवा मूत्रपिंड एकच असलं, तर सकाळच्या लोकलची वाट पाहू नये. १०८ला फोन करावा.

खडा पडेपर्यंत लघवी गाळून घ्यावी (चहाची गाळणी त्यासाठी वेगळी ठेवा, नाहीतर घरात महाभारत होईल). सापडलेला खडा डबीत घालून डॉक्टरांकडे न्यावा. तो युरिक आम्लाचा निघाला तर पुढचे खडे औषधाने विरघळवता येतात. कॅल्शियम ऑक्झलेटचा असेल तर मीठ कमी करायचं, दूध मात्र बंद करायचं नाही.