फिनेलने न जाणारा वास

दिवाळीच्या साफसफाईत सोफा पुढे ओढला, कपाट भिंतीपासून सरकवलं की मांजर असलेल्या घरांत पुष्कळदा एक कोडं सुटतं. पावसाळाभर ‘कुठून तरी वास येतोय’ म्हणून ज्याचा शोध चालला होता, तो पिवळसर ओघळ भिंतीच्या तळाशी सापडतो. मग बादलीत नेहमीपेक्षा जास्त फिनेल पडतं, वर डेटॉल, कोपऱ्यात डांबरगोळ्या. दोन दिवस घराला दवाखान्याचा वास येतो आणि नंतर पुन्हा मांजराचा.

पाळीव मांजराचे पूर्वज उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या मुलखातले. पाणी वाचवणारी मूत्रपिंडं मांजराला तिथूनच मिळाली, म्हणून त्याची लघवी थोडी आणि फार दाट असते. ती पडून राहिली की जिवाणू तिच्यातल्या युरियाचा अमोनिया करतात. नाकाला झोंबतो तो हा. पण खरा चिवट दर्प गंधकाचा. मांजराच्या लघवीत फेलिनीन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं, आणि वयात आलेल्या, नसबंदी न केलेल्या बोक्यात ते सगळ्यांत जास्त. जपानमधले मासाओ मियाझाकी आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये दाखवून दिलं की मूत्रपिंडात तयार होणारं कॉक्सिन हे प्रथिन फेलिनीन घडवायला मदत करतं. फेलिनीनला स्वतःला वास नसतो. ते सावकाश फुटतं आणि त्यातून थायॉल जातीची उग्र संयुगं सुटू लागतात. म्हणूनच डाग वाळल्यावरही वास वाढत जातो. त्यात हवा दमट झाली की वाळलेले क्षार पुन्हा ओल धरतात. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की मुंबईत, कोकणात, गोव्यात जुने डाग नव्याने जागे होतात ते यामुळे.

फिनेल यातलं काहीच तोडत नाही. ते फक्त आपल्या वासाने हा वास दडपतं. त्याहून मोठी अडचण मांजराच्या जिवाची आहे. फिनॉल आणि तत्सम पदार्थ निकामी करण्याची जी सोय आपल्या यकृतात असते, ती मांजरात फारच तोकडी. मांजर पुसलेल्या ओल्या फरशीवरून चालतं, मग बसून पंजे चाटतं, आणि फिनेल पोटात जातं. काळं फिनेल, डेटॉल, डांबरगोळ्या, निलगिरीचं तेल या सगळ्यांबाबत मांजराच्या घरात सावध राहायला हवं. लघवीवर ब्लीच ओतणं तर माणसालाही घातक आहे, कारण अमोनियाशी मिळून त्याचा विषारी वायू होतो. त्यात संडास-बाथरूमचं ॲसिड मिसळलं तर क्लोरीन सुटतो.

मग करायचं काय? ताजी लघवी दिसली तर ती पुसू नये, टिपावी. जुन्या सुती कपड्याची जाड घडी ठेवून वर तळहाताने भार द्यायचा, घडी बदलायची, कपडा कोरडा निघेपर्यंत. घासलं की ओल आजूबाजूला पसरते आणि खोल उतरते. मग साधं थंड पाणी घालून पुन्हा टिपायचं. गरम पाणी नको, वाफ तर नकोच. उष्णतेने प्रथिनांचा डाग धाग्यात पक्का बसतो.

यानंतरचं सगळ्यांत भरवशाचं औषध म्हणजे पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारं एन्झाइमवालं क्लीनर. ते शिंपडून लगेच पुसणारेच जास्त, आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणणारेही तेच. लघवी जेवढी खोल गेली तेवढंच ते खोल जायला हवं. डाग पुरता भिजवावा, वर प्लास्टिक अंथरावं, रात्रभर ओला राहू द्यावा आणि मग वाऱ्यावर वाळवावा. त्याआधी तिथे फिनेल पडलं असेल तर जागा नुसत्या पाण्याने नीट धुऊन घ्यावी, नाहीतर क्लीनरमधले उपयोगी जिवाणूच मरतात. फळांच्या साली, गूळ आणि पाणी आंबवून घरी केलेलं बायोएन्झाइम हे याला पर्याय नाही. ते मुख्यतः एक सौम्य आम्ल असतं.

आणि आम्ल म्हटलं की आपल्या घरांतल्या फरश्यांचा विचार आधी करावा. शहाबादी फरशी हा चुनखडीचा दगड. संगमरवर आणि मोझॅकच्या लाद्यांतही कॅल्शियम कार्बोनेटच. त्यावर व्हिनेगर किंवा लिंबू टाकलं की दगड खाल्ला जातो, चकाकी जाते आणि खडबडीत झालेली जागा पुढच्या वेळी लघवी आणखी शोषून घेते. व्हिनेगर ग्लेझ्ड टाइल्सवर चालेल, शहाबादीवर नाही. फरशीच्या सांध्यातलं सिमेंटही स्पंजासारखं पितं, म्हणून एन्झाइम तिथे ओतून जिरवावं लागतं.

जुन्या डागासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड कामाला येतं. पॉल क्रेबॉम या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने १९९३ मध्ये स्कंक या प्राण्याच्या दुर्गंधीवर एक मिश्रण सुचवलं. तिथेही दोषी थायॉलच, आणि ऑक्सिडीकरणाने ते बिनवासाचे होतात. आपल्याकडे औषधाच्या दुकानात बहुधा ६ टक्क्यांचं पेरॉक्साइड मिळतं. तितकंच पाणी घालून ते ३ टक्के करावं, अर्ध्या लिटरला दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा आणि चमचाभर भांड्यांचं लिक्विड घालावं, पंधरा-वीस मिनिटं ठेवून धुऊन टाकावं. रंग उडू शकतो, म्हणून आधी आडोशाला थेंबभर लावून पाहावं. उरलेलं मिश्रण बाटलीत बंद मात्र करू नये. वायू साठून बाटली फुटते.

कापसाच्या गादीला वरवरचं काहीच पुरत नाही. खोळ उसवून भिजलेला कापूस काढून टाकावा, बाकीचा कडक उन्हात वाळवून पिंजून घ्यावा. डाग नेमका कुठे आहे हे कळत नसेल तर अंधारात अतिनील टॉर्च मारावा. लघवी फिकट पिवळी-हिरवी चमकते. डिटर्जंटही चमकतो, म्हणून शेवटचा निर्णय नाकावर सोडावा.

डागाचा आकारही बरंच सांगतो. उभ्या भिंतीवर थोडासा फवारा म्हणजे शेपूट ताठ करून केलेली हद्दीची खूण. नसबंदीनंतर दहातल्या साधारण नऊ बोक्यांची ही सवय बंद होते किंवा खूप कमी होते. आडव्या जागेवर, गादीवर, पायपुसण्यावर थारोळं असेल तर लिटर बॉक्सकडे बघा. तो रोज साफ होतो का, वॉशिंग मशीनच्या खडखडाटाशेजारी तर नाही ना? दोन मांजरं असतील तर तीन बॉक्स हवेत. मांजर सूड म्हणून असं करतं, हा समज त्याच्यावर अन्याय करणारा आहे. मूत्राशयाची सूज, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार यांची पहिली खूण पुष्कळदा हाच डाग असते. म्हणून आधी तपासणी, मग रागावणं. खरं तर रागावणं नकोच, भेदरलेलं मांजर आणखी लपून मुततं.

बोका बॉक्समध्ये पुनःपुन्हा बसतो, कुंथतो, ओरडतो आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर डाग, वास सगळं बाजूला ठेवा. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो आणि एक-दोन दिवसांत बोका दगावू शकतो. सकाळची वाट पाहू नका. रात्र असो की लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ, त्याला टोपलीत घालून उघडा असलेला जनावरांचा दवाखाना गाठा.