मूल गेल्यानंतरचा संसार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘तू खंबीर राहा, तिला सांभाळ.’ ‘तिच्यासमोर त्याचं नाव काढू नका.’ ‘अजून तरुण आहात, दुसरं होईल.’ मूल गेलेल्या घरी भेटायला येणारी माणसं हे बोलतात ते मायेपोटीच. पण या वाक्यांत दुःखाविषयीच्या चुकीच्या समजुती असतात आणि त्यांचा भार आधीच खचलेल्या दोघांवर पडतो. अशा जोडप्यांच्या अभ्यासांतून एक गोष्ट वारंवार समोर आली आहे. एकाच मुलासाठी आई-वडील वेगवेगळ्या तऱ्हेनं, वेगवेगळ्या वेळी शोक करतात आणि त्याचा अर्थ त्यांच्यातलं प्रेम आटलं असा होत नाही.

गैरसमज : मूल गेलं की लग्न मोडतंच.

वस्तुस्थिती : दहांपैकी आठ-नऊ जोडपी विभक्त होतात, असा आकडा अमेरिकेत वर्षानुवर्षं सांगितला गेला. त्याचा माग हॅरिएट सार्नॉफ शिफ यांच्या १९७७ सालच्या पुस्तकापर्यंत जातो. त्यामागे भक्कम अभ्यास नव्हता. ‘द कम्पॅशनेट फ्रेंड्स’ ही मूल गमावलेल्या पालकांची संस्था १९६९मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री इथं सुरू झाली आणि पुढे अमेरिकेतही पसरली. तिथं तिनं १९९९मध्ये पालकांचं सर्वेक्षण केलं. मुलाच्या मृत्यूच्या वेळी विवाहित असलेल्यांपैकी ७२ टक्के त्याच जोडीदारासोबत होते. १६ टक्क्यांच्या बाबतीत जोडीदारांपैकी एकाचं निधन झालं होतं आणि घटस्फोट झाले होते १२ टक्के. संस्थेच्या २००६च्या पाहणीत घटस्फोटांचं प्रमाण १६ टक्के आलं.

नात्यावर ताण येतो, हे खरंच. पण ‘आता तुमचंही तुटणार’ ही भीती घालायला आधार नाही.

गैरसमज : जो रडत नाही, त्याला फारसं काही वाटलेलं नाही.

वस्तुस्थिती : बायको तासन्तास मुलाच्या कपड्यांपाशी बसते आणि नवरा आठवड्याभरात कामावर जातो. तिला वाटतं, हा विसरला. त्याला वाटतं, ही स्वतःला सावरतच नाही. केनेथ डोका आणि टेरी मार्टिन या अभ्यासकांनी शोकाच्या दोन धाटण्या सांगितल्या आहेत. काहींचं दुःख भावनांतून, बोलण्या-रडण्यातून बाहेर येतं, तर काहींचं विचारांतून आणि हातांनी काही करण्यातून. पुरुष बहुधा दुसऱ्या बाजूला आढळतात, पण तसा नियम नाही. अनेक घरांत हे नेमकं उलटं असतं आणि पुष्कळांत दोन्हींचं मिश्रण.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि रमाबाईंची चार मुलं लहानपणीच गेली. राजरत्न जुलै १९२६मध्ये गेला. जेमतेम महिन्यानंतर स्नेही दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी स्वतःबरोबर पत्नीचंही दुःख मांडलं. आम्ही दोघं या धक्क्यातून सावरलेलो नाही आणि कधी सावरू असं वाटत नाही, असा त्याचा आशय होता. पुढच्याच मार्चमध्ये महाडचा सत्याग्रह झाला. ज्यांनी त्यांना फक्त चवदार तळ्यावर पाहिलं, त्यांना हे पत्र लिहिणारा बाप दिसला नसेल.

गैरसमज : जोडीदाराला त्रास नको म्हणून आपलं दुःख गिळावं.

वस्तुस्थिती : सर्वांत मायेनं केली जाणारी चूक हीच असावी. मार्गारेट स्ट्रोब आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधल्या मूल गमावलेल्या २१९ जोडप्यांचा अभ्यास केला. मृत्यूनंतर सुमारे ६, १३ आणि २० महिन्यांनी त्यांना प्रश्न विचारले. २०१३मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जोडीदारासाठी म्हणून जे आपलं दुःख दाबून ठेवत होते, त्यांचं स्वतःचं दुःख वाढलेलं दिसलं आणि ज्याच्यासाठी हे चाललं होतं, त्या जोडीदाराचंही वाढलेलं दिसलं.

याचा अर्थ रोज रात्री बसून बोललंच पाहिजे असा नाही. ‘आज मला त्याची फार आठवण येतेय’ किंवा ‘आज मला बोलवणार नाही’ एवढं सांगितलं, तरी समोरच्याला अंदाज बांधत बसावं लागत नाही.

गैरसमज : शोकाच्या पाच पायऱ्या असतात आणि वर्षभरात माणूस सावरतो.

वस्तुस्थिती : नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार या पायऱ्या एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९मध्ये मांडल्या, त्या मृत्यूच्या उंबरठ्यावरच्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर लावल्या गेल्या. स्ट्रोब आणि हेंक शुट यांचं १९९९चं प्रतिमान वेगळं सांगतं. शोकातला माणूस दुःख आणि रोजचं जगणं यांच्यात ये-जा करत राहतो. सकाळी किराणा आणणारी आई संध्याकाळी दप्तर पाहून कोसळते आणि दोन्ही स्वाभाविक आहे. नवरा-बायकोची ही ये-जा एकाच लयीत होत नाही, एवढंच. वर्षश्राद्ध झालं म्हणून दुःखाची मुदत संपत नाही; वाढदिवस आणि दहावीचा निकाल दरवर्षी येतोच.

गैरसमज : नाव काढलं नाही, वस्तू हलवल्या की विसर पडतो.

वस्तुस्थिती : डेनिस क्लास आणि सहकाऱ्यांनी १९९६मध्ये दाखवून दिलं, की पालक गेलेल्या मुलाशी नातं तोडत नाहीत, ते त्याला नवं रूप देतात. चार्ल्स आणि एमा डार्विन यांची दहा वर्षांची ॲनी १८५१मध्ये माल्वर्न इथं गेली. चार्ल्स तिच्याजवळ होते, गरोदर एमा घरी. चार्ल्स अंत्यविधीला न थांबता पत्नीकडे परतले आणि आठवड्याभरात त्यांनी ॲनीच्या आठवणी लिहून काढल्या. एमानं तिच्या छोट्या वस्तू एका पेटीत जपल्या. एकानं लिहिलं, दुसरीनं जपलं; संसार चार्ल्स यांच्या मृत्यूपर्यंत, १८८२पर्यंत टिकला.

गैरसमज : पोटातच किंवा जन्मताच गेलेल्या बाळाचं दुःख थोडं असतं.

वस्तुस्थिती : अमेरिकेतल्या जोडप्यांच्या २०१०च्या एका अभ्यासात, बाळ सुखरूप झालेल्यांपेक्षा विभक्त होण्याचा धोका गर्भपातानंतर २२ टक्के आणि मृत बाळ जन्मल्यानंतर ४० टक्के अधिक आढळला. बहुतेक जोडपी टिकली, पण दुःख लहान नव्हतं. आपल्याकडे तान्ह्या बाळाचे दिवस-कार्य बहुधा होत नाहीत, त्यामुळे या आई-बापांना भेटायला येणारेही थोडे. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि बाळ अवघ्या काही दिवसांत गेलं. वैद्यकीय मदतीअभावी गेलेलं ते बाळ त्यांच्या डॉक्टर होण्याच्या निश्चयामागे होतं. १८८६मध्ये त्यांनी पदवी मिळवली.

मदत केव्हा घ्यावी?

डेन्मार्कमध्ये १९८० ते १९९६ दरम्यान मूल गमावलेल्या २१,०६२ पालकांचा अभ्यास २००३मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. अपघात, आत्महत्या अशा अनैसर्गिक कारणांनी होणारे मृत्यू पहिल्या तीन वर्षांत आयांमध्ये जवळजवळ चौपट होते. वडिलांमध्येही सुरुवातीच्या काळात ते वाढलेले दिसले. म्हणून ‘जगावंसं वाटत नाही’ हे वाक्य कानावर आलं, तर ते दुःखाच्या भरात निघालं म्हणून सोडून देऊ नये. महिनोन्‌महिने झोप-जेवण बिघडलेलं असेल, दारू वाढली असेल, घराबाहेर पडणं थांबलं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. दोघांपैकी एकच तयार असेल, तर त्यानं एकट्यानं जावं. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि तिथं मराठीतही बोलता येतं. नातेवाइकांनी तेराव्यानंतरही फोन करत राहावं, बायकोची चौकशी करताना नवऱ्यालाही ‘तू कसा आहेस?’ असं विचारावं आणि मुलाचं नाव त्यांनी काढलं, तर विषय बदलू नये.