चार पौंडांची दोरी

एप्रिलमध्ये बाबा मालवणहून आले, तेव्हा त्यांना केंटकी लेकवर क्रॅपी धरायला नेलं. (लायसन्स त्यांचंही काढावं लागलं. ‘माश्यांक धरूक परवानगी?’ म्हणून खूप हसले.) माझ्या रीळवर १० पौंडांची तंगूसाची दोरी. जिग १/१६ औंसाचा, म्हणजे जेमतेम पावणेदोन ग्रॅम. फेकला की पायाशीच पडायचा. जाड दोरी रीळवरची वेटोळी सोडत नाही, एवढासा जिग तिला ओढणार कसा? मग ब्रेडेड लावली. लांब गेली खरी, पण ती ताणत नाही आणि क्रॅपीचं तोंड कागदासारखं. सवयीने हिसका दिला, ओठ फाटून मासा सुटला. दोनदा!

शेवटी ४ पौंडांची मोनो भरली, पिवळीजर्द. पाण्यातल्या झुडपांत अडकून तीन जिग गेले, ते सोडा. मधुमेहामुळे बाबांची बोटं बधिर झालीत, माशाची टोचणी हाताला कळत नाही. म्हणून ते काठी धरायलाच तयार नव्हते. पण क्रॅपी जिग घेऊन वर येतो तेव्हा दोरी सैल पडते, आणि ती पिवळी दोरी त्यांना माझ्याआधी दिसली.

‘हिसको मारू नको, नुसती उचल,’ असं मलाच सांगत त्यांनी मासा काठावर आणला.

परत जाताना ती गुंडाळी बॅगेत भरली.